हवेवरचा डायफ्रॅम पंप: पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी

"पंप नीट मारत नाहीये, हवा वाढवू का?"

नवीन माणूस पंपावर आला की पहिल्या आठवड्यात हा प्रश्न येतोच येतो, आणि उत्तर बहुतेक वेळा "नको, आधी बघ काय अडलंय" हेच असतं. मी पण सुरुवातीला तेच करायचो, फ्लो कमी वाटला की हवेचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरची नॉब पिळायची, पंप तडातडा वाजायला लागला की वाटायचं वा, आता कसा पळतोय. मग डायफ्रॅम, म्हणजे पंपातला लवचिक पडदा, बदलायची पाळी आपल्यावरच आली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तर पंप जोडण्यापासून डायफ्रॅम बदलण्यापर्यंत सगळं ओळीने सांगतो, पण जिथे खरी गंमत आहे तिथे जरा जास्त वेळ थांबणार आहे.

आधी आत काय चालतं ते

या पंपाला मोटर नाही, कपलिंग नाही, मेकॅनिकल सील नाही. मधोमध एअर वॉल्वचा ब्लॉक, त्याच्या दोन्ही अंगाला एकेक चेंबर, प्रत्येक चेंबरमध्ये एक डायफ्रॅम आणि दोन्ही डायफ्रॅम एकाच शाफ्टला जोडलेले, बस. लोहाराचा भाता बघितला असेल तर समजा दोन भाते पाठीला पाठ लावून एका दांड्याने बांधलेत. एअर वॉल्व डाव्या डायफ्रॅमच्या मागे हवा सोडतो, तो बाहेर ढकलला जातो आणि पुढचं लिक्विड वर डिलिव्हरीला, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाईपला, जातं, त्याच वेळी शाफ्ट उजव्या डायफ्रॅमला आत ओढतो म्हणून उजवीकडे सक्शन, म्हणजे लिक्विड आत घेणारी ओढ, तयार होतं. स्ट्रोक संपला की वॉल्व पलटतो आणि सगळं उलट. प्रत्येक चेंबरला खाली एक बॉल वर एक बॉल, असे चार बॉल आपापल्या सीटवर उठबस करतात आणि लिक्विड मागे जाऊ देत नाहीत. १९५५ मध्ये अमेरिकेत जिम विल्डेन यांनी हा पंप काढला आणि आजही मूळ रचना तीच आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, हवा आणि लिक्विड यांच्यामध्ये फक्त तो एक पातळ डायफ्रॅम असतो. पुढचे निम्मे नियम त्यातूनच निघतात.

दुसरी गोष्ट, दाबाचं प्रमाण एकास एक. हवा ४ बार दिली तर लिक्विडला जास्तीत जास्त ४ बारच मिळणार, त्यातही पाईपचं घर्षण वगैरे वजा. हिशोब सोपा आहे, १० मीटर उंच पाणी चढवायला साधारण १ बार लागतो. म्हणजे १२ मीटरवरच्या टाकीत पाणी टाकायचं तर नुसत्या उंचीचेच १.२ बार झाले. पण त्याच टाकीत ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड टाकायचं असेल तर ते पाण्याच्या १.८४ पट जड, म्हणजे तीच उंची आता २.२ बारच्या आसपास मागणार. घर्षणाला वरून थोडं ठेवा. हा हिशोब कागदावर एकदा मांडला की नॉब पिळायचा मोह बराच कमी होतो.

स्टेप १: प्लेट वाचा, मटेरियल जुळवा

पंपावर जी छोटी पट्टी असते तिच्यावर मॉडेल, जास्तीत जास्त हवेचा दाब आणि मटेरियलचा कोड असतो. प्लास्टिक बॉडीला साधारण ७ बारपर्यंत आणि बऱ्याच मेटल बॉडींना ८.६ बारपर्यंत लिमिट असतं, पण शेवटी तुमच्या पट्टीवर जे लिहिलंय ते खरं.

बॉडी आणि डायफ्रॅम दोन्ही लिक्विडला चालतात का ते वेगवेगळं तपासायचं. रबरांपैकी नायट्राईल तेलाला चांगलं, ईपीडीएम तेलात फुगून बसतं पण बऱ्याच ॲसिड-अल्कलीत टिकतं, व्हिटॉन गरम आणि सॉल्व्हंटच्या कामाला पण ॲसिटोनला अजिबात नाही, टेफ्लॉन जवळपास सगळ्याला चालतं पण ते कडक असल्यामुळे कोरडं सक्शन, म्हणजे रिकाम्या पंपाची ओढ, कमी मिळतं आणि त्याच्या मागे रबराचा बॅकअप डायफ्रॅम लागतो. अंदाजाने ठरवू नका, कंपनीचा कंपॅटिबिलिटी चार्ट बघा.

दोन ठिकाणी मात्र चूक चालतच नाही. पहिलं, पेटणारं सॉल्व्हंट साध्या प्लास्टिक बॉडीच्या पंपातून न्यायचं नाही, कारण लिक्विड वाहताना स्टॅटिक चार्ज तयार होतो आणि साध्या प्लास्टिकला अर्थिंग करता येत नाही. तिथे मेटल किंवा कंडक्टिव्ह बॉडी, आणि पंप, होज, ड्रम तिघांना अर्थिंग. दुसरं, मिथिलीन क्लोराईडसारखी हॅलोजनवाली सॉल्व्हंट ॲल्युमिनियमच्या पंपात घालायची नाहीत, बंद आणि दाबाखालच्या जागेत त्यांची ॲल्युमिनियमशी रिॲक्शन होऊन स्फोट होऊ शकतो. स्टोअरमध्ये ॲल्युमिनियमचाच पंप शिल्लक असला तरी नाही म्हणजे नाही.

स्टेप २: पंप बसवणं आणि पाईप

पंप लिक्विडच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा. कोरड्या पंपाने ओढायचं तर मॉडेलप्रमाणे ४-५ मीटरपर्यंत जमतं, पण पेपरवर जमणं वेगळं आणि सोमवारी सकाळी जमणं वेगळं. सक्शन पाईप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक कधीच नको, घट्ट लिक्विड असेल तर एक साईज मोठाच घ्या. सक्शनला तारवाली होज लागते, साधी पाण्याची होज लावली तर ती ओढीने चपटी होते आणि तुम्ही पंप खोलत बसता.

पंपाच्या दोन्ही तोंडांना आधी लवचिक होजचा तुकडा आणि मग पुढे कडक पाईप, कारण पंप हलतो आणि कडक पाईप थेट लावला तर मॅनिफोल्डच्या, म्हणजे दोन्ही चेंबरना जोडणाऱ्या पाईपसारख्या भागाच्या, फ्लँजला तडा जातो, प्लास्टिक पंपात तर नक्की. पाईपचं वजन पंपावर लटकू देऊ नका, वेगळा सपोर्ट द्या.

आता एक्झॉस्ट, म्हणजे वापरलेली हवा बाहेर पडायची वाट. तिच्या तोंडाला मफलर असतो. नवीन लोक मफलर म्हणजे फक्त आवाज कमी करायची वस्तू समजतात. माझा किस्सा ऐका. साबणासारख्या फेसाळ लिक्विडची टाकी पंपाच्या वरच्या पातळीवर होती, म्हणजे लिक्विड आपोआप पंपात यायचं. मफलर पंपालाच लावलेला. रात्री कधीतरी डायफ्रॅम फाटला, पंप तर बंदच होता, पण टाकीतलं लिक्विड खालच्या बॉलला उचलून चेंबरमध्ये, तिथून फाटक्या डायफ्रॅममधून हवेच्या बाजूला आणि मफलरमधून निवांत जमिनीवर. सकाळी दार उघडलं तर गुडघाभर फेस आणि त्यात एक चप्पल तरंगतेय, कोणाची होती ते आजपर्यंत कळलं नाही. साबण होता म्हणून हसतोय, ॲसिड असतं तर हसलो नसतो. तेव्हापासून टाकी वर असेल तर एक्झॉस्टचा पाईप टाकीच्या लिक्विड लेव्हलपेक्षा वर नेऊनच सोडायचा, आणि सुट्टीला जाताना सक्शन वॉल्व बंद. लिक्विड धोक्याचं असेल तर एक्झॉस्ट माणसांपासून लांब, सुरक्षित जागी न्यायचाच. टाकी खूप उंच असेल तर आणखी एक भानगड, सक्शनला ०.७ बारच्या वर दाब आला म्हणजे पाण्याचे ७ मीटर, की डायफ्रॅम लवकर जातात.

स्टेप ३: हवेची लाईन

क्रम असा ठेवा: बॉल वॉल्व, मग ५ मायक्रॉनचा फिल्टर आणि रेग्युलेटर, गेज, आणि पंपाच्या जवळ एक नीडल वॉल्व. शेवटचा तुकडा लवचिक होजचा. एअर लाईन पंपाच्या एअर इनलेटपेक्षा बारीक नको.

रेग्युलेटर आणि नीडल वॉल्व दोन्ही कशाला, असं विचारतात. रेग्युलेटर जोर ठरवतो म्हणजे किती उंच जाईल, नीडल वॉल्व हवेचं प्रमाण ठरवतो म्हणजे किती भरभर स्ट्रोक मारेल. ही दोन कामं डोक्यात वेगळी ठेवली की पंप तुमच्या हातात आला समजा.

गेज नेहमी पंप चालू असताना वाचायचं. थांबलेला असताना ५ दाखवतंय आणि चालू केल्यावर ३ वर पडतंय तर लाईन बारीक आहे किंवा फिल्टर चोक आहे, रेग्युलेटर वाढवून त्यावर उपाय होत नाही.

तेल घालायचं का? बहुतेक पंप बिनतेलाचे असतात, फॅक्टरीतच ग्रीस लावून येतात. मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर लुब्रिकेटर लावू नका, कारण एकदा तेल सोडलं की ते आतलं ग्रीस धुऊन काढतं आणि मग कायम तेल देत बसावं लागतं.

स्टेप ४: पहिल्यांदा सुरू करणं

आधी सगळे नट-बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, नवा कोरा पंप असला तरी. प्लास्टिक दाबाखाली हळूहळू बसतं, डब्यातून आलेल्या पंपाचे बोल्ट ढिले निघणं यात नवल काहीच नाही. टॉर्कचा आकडा मॅन्युअलमधून घ्या, आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा.

सक्शन आणि डिलिव्हरी वॉल्व उघडा, नीडल वॉल्व बंद ठेवा, रेग्युलेटर १ ते १.५ बारवर आणा, आणि मग नीडल वॉल्व अगदी सावकाश उघडा. पंप टक... टक... टक करायला लागेल. घाई करू नका, सक्शन लाईनमधली हवा निघून लिक्विड यायला वेळ लागतो. कोरडा असताना हवा एकदम सोडली तर समोर अडवणारं लिक्विड नाही, डायफ्रॅम दोन्ही बाजूंना आपटतो, आणि कोरडा चालतो हे खरं असलं तरी कोरडा पळवायचा नसतो. लिक्विड आलं की आवाज लगेच बदलतो, पोकळ टकटक जाऊन भारी, दबका ठोका येतो. मग हवा वाढवत वाढवत हवा तेवढा फ्लो घ्या आणि तिथेच थांबा. पंपाच्या डोक्यात हवा जाऊ द्यायची नाही.

माझं मत विचाराल तर रेटिंगच्या साधारण निम्म्या फ्लोवर चालेल असा मोठा पंप घ्यावा आणि आरामात चालवावा. छोटा पंप छाती फुटेस्तोवर पळवण्यात डायफ्रॅमही जातात, बॉलही जातात आणि कॉम्प्रेसरची हवा पण. आवाजही असा असतो की कानाला मफ लावल्याशिवाय शेजारी उभं राहू नये.

डिलिव्हरी बंद केली की पंप आपोआप थांबतो, दोन्हीकडचा दाब सारखा झाला की संपलं, काही जळत नाही. उघडली की परत सुरू. सोय म्हणून हे फार छान, पण थांबलेला पंप म्हणजे बंद पंप नव्हे. हवा आत दाबून बसलेली असते, कोणी लांब कुठेतरी वॉल्व उघडला की हा लगेच उड्या मारायला लागतो. हात घालायच्या आधी हवा बंद, लाईनमधली हवा सोडून द्यायची, लिक्विडच्या बाजूचा दाब पण काढायचा, आणि हवेच्या वॉल्वला कुलूप.

स्टेप ५: रोजचं काम

हे पाच मिनिटांचं आहे. फिल्टरच्या वाटीतलं पाणी काढा. एका मिनिटात किती स्ट्रोक पडतात ते मोजून वहीत लिहा, सोबत चालू गेजचा आकडा. मफलरजवळ तळहात धरून बघा, हवा कोरडी आहे का, वास येतोय का, थेंब येतायत का. सेटल होणारं किंवा सुकून कडक होणारं लिक्विड असेल तर शिफ्टच्या शेवटी फ्लश, नाहीतर दुसऱ्या दिवशी बॉल सीटला चिकटून बसलेले मिळतील, आणि स्लरी तळाशी घट्ट बसली असेल तर पहिल्याच स्ट्रोकला शाफ्ट वाकू शकतो. फ्लश कशाने करायचं ते लिक्विड बघून, कडक ॲसिडवर पाणी ओतायचं नाही.

पंप काय सांगतोय ते ऐका

मला या पंपात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक मॅनिफोल्डवर बॉलच्या जागी टेकवा आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा. चारही बॉल वेगवेगळे ऐकू येतात. चांगला बॉल एकदाच "ठक" करून बसतो. कचरा अडकलेला बॉल फुसफुसतो किंवा दोनदा वाजतो. दोन-तीन दिवस चांगला पंप ऐकून कान तयार करा, मग बिघडलेला आपोआप कळतो.

लंगडा ठोका, म्हणजे एक स्ट्रोक भरभर आणि दुसरा सावकाश, याचा अर्थ एका बाजूच्या बॉलमध्ये काहीतरी आहे, कचरा, झिजलेली सीट, किंवा केमिकलने फुगलेला बॉल.

पंप नुसता पळतोय पण माल येत नाही: सक्शनला हवा घेतोय किंवा स्ट्रेनर, म्हणजे सक्शनची जाळी, चोक. बादलीची टेस्ट करा, लाईन रिकामी करून, धुऊन, सक्शन होज काढून तिथे छोटा तुकडा लावा आणि तो पाण्याच्या बादलीत सोडा, अर्थात लिक्विडचं पाण्याशी वाकडं नसेल तरच. बादलीतून मस्त ओढला तर पंप निर्दोष, दोष लाईनमध्ये. तेवढ्यासाठी पंप खोलणारे खूप बघितलेत.

डिलिव्हरीत बुडबुडे: सक्शनला लिकेज असेल किंवा डायफ्रॅम फाटलेला. मफलरमधून लिक्विड: इथे शंकाच नाही, डायफ्रॅम गेला, ताबडतोब हवा आणि सक्शन दोन्ही बंद.

डिलिव्हरी बंद आहे, पंप थांबलाय, तरी मफलरमधून हवा सूं सूं चालूच: एअर वॉल्वच्या स्पूलचे (आत मागेपुढे सरकणारा तुकडा) किंवा शाफ्टचे सील झिजलेत. आणि पूर्ण बंद डिलिव्हरीवर सुद्धा अधूनमधून एखादा ठोका पडत असेल पण मफलर शांत असेल, तर बॉल सीटवर नीट बसत नाहीयेत, लिक्विड मागे गळतंय.

पंप हळू होत होत थांबतो, अर्ध्या तासाने परत नीट चालतो, परत थांबतो. यात नवीन माणूस वेडा होतो. मफलर काढून बघा, आत बर्फ असेल. भर उन्हाळ्यात सुद्धा, कारण दाबातली हवा एकदम मोकळी झाली की गार पडते आणि हवेतली वाफ गोठते. ठोकू नका, वितळू द्या. मग कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढा, दाब आणि स्पीड कमी करा, तरी होत असेल तर एअर ड्रायरच लागेल.

स्टेप ६: डायफ्रॅम बदलणं

हवा बंद, दाब काढला, पंप रिकामा करून धुतला, हातमोजे-चष्मा घातला, मग पाना हातात. खोलायच्या आधी मार्करने मॅनिफोल्ड, चेंबर आणि मधला ब्लॉक यांच्यावर एक सरळ रेघ ओढा आणि फोटो काढा. जोडताना ही रेघ आशीर्वाद देते.

वरचा मॅनिफोल्ड काढा, बॉल आणि सीट काढून एका ओळीत मांडा. बॉलवर चरे, सीटवर एकाच ठिकाणी झिजलेली खाच असेल तर बदला. मग खालचा मॅनिफोल्ड, मग दोन्ही बाहेरची कव्हर. आता दोन डायफ्रॅम प्लेट समोरासमोर दिसतात, दोन्हीला पाना लावून उलट दिशेला फिरवा, कुठलीतरी एक बाजू आधी सुटेल. उरलेली सोडवायला शाफ्ट व्हाईसमध्ये धरावा लागतो, तिथे लाकडाचे तुकडे लावूनच धरा, शाफ्टवर एक ओरखडा आला तर तो नवीन सील कापत बसणार.

डायफ्रॅम कायम जोडीने बदला. एक फाटला म्हणजे दुसऱ्यानेही तेवढेच स्ट्रोक खाल्लेत.

बसवताना उलटं-सुलटं होतं ते इथेच. डायफ्रॅमवर "एअर साईड" कोरलेलं असतं, ती बाजू मधल्या ब्लॉककडे. टेफ्लॉन असेल तर तो लिक्विडकडे आणि रबरी बॅकअप त्याच्या मागे. आतल्या प्लेटची गोलसर कड डायफ्रॅमकडे यायला हवी, तीक्ष्ण कड त्या बाजूला आली तर ती ब्लेडसारखी डायफ्रॅम कापते. प्लेट टॉर्कला आवळल्यावर बोल्टची भोकं जुळत नसतील तर थोडं आणखी आवळून जुळवा, ढिलं करून नाही. पहिल्या बाजूचं कव्हर बसलं की दुसरा डायफ्रॅम बाहेर फुगून राहतो, त्याला तळव्याने आत दाबा म्हणजे शाफ्ट पलीकडे सरकेल आणि कड सपाट बसेल, मग कव्हर.

जोडून झालं की १ बारवर पाण्याने चालवा, डिलिव्हरी बंद करून मफलर ऐका, सगळे जॉइंट सुक्या चिंधीने पुसून परत बघा. पहिला दिवस चालल्यावर बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासा, गरम लिक्विड असेल तर गार झाल्यावर.

आणि फाटलेला डायफ्रॅम लगेच कचऱ्यात टाकू नका, धुऊन उजेडात धरा. फुगून मऊ, चिकट झाला असेल तर मटेरियल चुकलंय. प्लेटच्या कडेने गोल चीर असेल तर जास्त दाब, कोरडं पळवणं किंवा सक्शनचा दाब बघा. पुढून खरवडल्यासारखा होऊन भोक पडलं असेल तर माल खरखरीत आहे, स्पीड कमी करा. एखाद्याच ठिकाणी टोचल्यासारखं भोक असेल तर स्ट्रेनर काढून बघा, जाळी फाटलेली सापडेल. मागच्या बाजूला दोरीने तारखेची चिठ्ठी बांधून मी असे चार-पाच डायफ्रॅम खिळ्याला टांगून ठेवलेत, नवीन मुलगा हवा वाढवायला निघाला की आधी त्याला तिकडे घेऊन जातो.